मूळ आणि शेंडा यांची वाढ नेमकी कुठे होते? शाईच्या खुणा, काचपट्टी आणि खुडणी करून पाहण्याची पद्धत

झाडाच्या खोडात जमिनीपासून एक मीटर उंचीवर खिळा ठोकला, तर वीस वर्षांनीही तो एक मीटरवरच सापडतो. खोड जाड होतं, खिळा सालीत गडप होतो, पण वर सरकत नाही. झाड उंचीला वाढतं ते शेंड्याकडे आणि जमिनीत खोल जातं ते मुळाच्या टोकाकडे. या दोन्ही टोकांशी विभाजी ऊती असते. तिच्या पेशी लहान, पातळ भित्तिकेच्या आणि दाट पेशीद्रव्याच्या असतात, आणि झाड जगेल तोवर त्या विभागत राहू शकतात.

‘टोकाशी पेशी विभागतात म्हणून मूळ लांब होतं’ हे नेहमीचं वाक्य मात्र अर्धंच खरं आहे. विभाजनाने पेशींची संख्या वाढते. लांबी वाढते ती त्या पेशी नंतर पाणी घेऊन ताणल्या जातात तेव्हा, आणि ते घडतं टोकापासून थोडं मागे. म्हणजे घटना दोन आहेत आणि त्यांच्या जागाही दोन आहेत. शाईच्या खुणांचा प्रयोग पेशींचं लांबणं दाखवतो, विभाजन दाखवत नाही. सूक्ष्मदर्शकाखालची काचपट्टी विभाजन दाखवते, लांबणं जवळजवळ दाखवत नाही. एकच प्रयोग करून दोन्ही निष्कर्ष लिहून टाकणं ही वह्यांमध्ये सर्रास दिसणारी चूक आहे. म्हणून इथे दोन्ही प्रयोग दिले आहेत आणि शेवटी शेंड्याचा भाग घेतला आहे.

मुळावर शाईच्या खुणा

बी मोठं घ्यावं: राजमा, पावटा किंवा मका. मोठ्या बियाचं मूळ जाड आणि सरळ येतं, त्यामुळे त्यावर १ मिमी अंतराच्या खुणा करता येतात. मोहरी-मेथीच्या मुळावर हे जमत नाही. प्रयोगाला ५ मुळं हवी असतील तर १५-२० बिया भिजवा. काही उगवत नाहीत, काहींचं मूळ वाकडं येतं.

बिया ८ ते १२ तास भिजवा, त्याहून जास्त नको. पाण्यात बुडून राहिलेल्या बियाला प्राणवायू कमी पडतो आणि ते सडायला लागतं. बुरशीचा त्रास नेहमी होत असेल तर भिजवण्याआधी घरगुती ब्लीच १० पट पाण्यात मिसळून त्यात बिया ५ मिनिटं ठेवा आणि चार-पाच पाण्यांनी धुऊन घ्या. मग टिपकागदाचे दोन-तीन थर ओले करा, त्यांच्या वरच्या कडेपासून २-३ सेंमी खाली बिया एका ओळीत ठेवा आणि कागदाची सैल गुंडाळी करा. बियाची मूळ फुटणारी बाजू खाली येईल असं पाहा. गुंडाळी एका पेल्यात उभी करा, तळाला बोटभर पाणी ठेवा आणि पेला अंधारात ठेवा. २२ ते २८ अंश सेल्सिअसला दोन ते चार दिवसांत २-३ सेंमी लांबीची सरळ मुळं मिळतात. याहून लांब मूळ घेऊ नका. ते हाताळताना टोक दुखावतं आणि मागे उपमुळं फुटायला लागलेली असतात.

खुणा करणं हा सगळ्यात नाजूक भाग आहे. शाई जलरोधक, म्हणजे आरेखनाची काळी शाई असावी. पेनातली साधी शाई ओल्या मुळावर पसरते. मार्कर तर वापरूच नये. त्याचं टोक १ मिमीच्या खुणेला जाड पडतं आणि त्यातल्या द्रावकाने टोकाच्या कोवळ्या पेशी मरू शकतात. सर्वांत चांगलं साधन म्हणजे धागा. वाकवलेल्या तारेच्या दोन टोकांना बारीक शिवणाचा धागा ताणून बांधा, त्याला शाई लावा, जादा शाई कागदावर टिपा आणि धागा मुळावर नुसता टेकवून उचला. दाबू नका. मूळ ओल्या टिपकागदावर आडवं ठेवा, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवा, मुळावरचं पाणी कोरड्या टिपकागदाच्या कोपऱ्याने टिपून घ्या आणि टोकापासून मागे १-१ मिमी अंतरावर दहा-बारा खुणा करा. मूळ उघड्यावर मिनिटभराहून जास्त राहू देऊ नका. मुळाचं टोक सुकायला फार वेळ लागत नाही, आणि सुकलेलं टोक पुढे वाढतही नाही.

आता काचेच्या बरणीत आतून ओला टिपकागद लावा आणि बी कागद व काच यांच्यामध्ये अडकवा. टोक सरळ खाली हवं. बरणीच्या तळाला थोडं पाणी ठेवा, पण मुळाचं टोक त्यात बुडू देऊ नका. तोंडावर सैल झाकण ठेवून बरणी पुन्हा अंधारात ठेवा. सोबत खुणा न केलेली दोन-तीन मुळंही त्याच बरणीत लावा. खुणा केलेलं मूळ त्यांच्याहून बरंच कमी वाढलं तर ते दुखावलेलं आहे, त्याची मापं धरू नयेत. हे तुलनेचं मूळ बहुतेक जण लावत नाहीत आणि मग खराब माप चांगलं समजून वापरतात.

२४ तासांनी बाहेरूनच पट्टी लावून प्रत्येक दोन खुणांमधलं अंतर मोजा, ४८ तासांनी पुन्हा मोजा. दिसतं ते साधारण असं: अगदी टोकाजवळच्या खुणा जवळजवळ होत्या तशाच असतात. त्यांच्या मागच्या काही मिलिमीटरमधल्या खुणा एकमेकींपासून दूर गेलेल्या असतात, काही तर लांब फिकट पट्टे झालेल्या असतात, कारण खुणेखालची पेशीच लांबली. त्याहून मागच्या, म्हणजे टोकापासून साधारण सेंटिमीटरभर दूरच्या खुणा पुन्हा जागच्या जागी असतात. त्याच भागात पांढऱ्या लवीसारखे मूलरोम दिसतात. मूलरोम लांबणं थांबल्यावरच येतात. लांबणाऱ्या भागात ते आले असते तर मातीच्या कणांवर घासून तुटून गेले असते. जिथे मूलरोम सुरू होतात तिथे लांबणं संपलं, अशी ही न मोजता ओळखायची खूण आहे.

नोंद करताना एक गोष्ट सांभाळा. अंतर कशापासून मोजलं ते लिहा. टोकापासून मोजलं तर खुणा मागे मागे जात आहेत असं दिसतं. बियापासून मोजलं तर मागच्या खुणा स्थिर आणि टोक पुढे पळतंय असं दिसतं. दोन्ही बरोबर आहे, पण एकाच तक्त्यात ते मिसळलं की काहीच कळत नाही. सोपा मार्ग म्हणजे प्रत्येक तुकड्याची वाढ वेगळी काढायची. १ मिमीचा तुकडा ५ मिमी झाला तर तो पाचपट झाला. असा आकडा प्रत्येक तुकड्यासाठी लिहून आलेख काढा. शिखर टोकावर नसून टोकाच्या मागे आहे हे आलेखात लगेच उठून दिसतं.

मग टोकाशी काय चाललं आहे? तिथे पेशी विभागतात, पण दोन भागांत वाटली गेलेली पेशी आधी मूळ आकाराइतकीच वाढते आणि पुन्हा विभागते, त्यामुळे तो तुकडा फारसा लांब होत नाही. शिवाय अगदी पहिली खूण बहुधा मूलटोपीवर, म्हणजे मुळाचं टोक झाकणाऱ्या पेशींच्या टोपीवर पडलेली असते. मूलटोपीच्या बाहेरच्या पेशी सतत गळत असतात आणि आतून नव्या येत असतात, म्हणून ती खूण दुसऱ्या दिवशी नाहीशीही होते. ती चूक समजू नका. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या: लांबण्याचा पट्टा टोकाबरोबर पुढे सरकतो. आज ज्या पेशी लांबल्या त्या उद्या मूलरोमांच्या भागात असतील आणि उद्या लांबणाऱ्या पेशी आज टोकाशी आहेत. पट्टा तोच राहतो, पेशी मात्र बदलत जातात.

काही नेहमीच्या अडचणी. मूळ एका बाजूला वाकलं तर बहुधा बरणी कलती होती किंवा खुणा करताना एक बाजू दाबली गेली. टोक तपकिरी झालं तर ते सुकलं किंवा बोट लागलं. ते मूळ टाकून द्या. सगळीच मुळं थांबली असतील तर जागा थंड आहे किंवा बरणीत पाणी जास्त झालं आहे. खुणा फिकट झाल्या तर मुळावरचा बुळबुळीत थर नीट टिपला गेला नव्हता.

याच मांडणीत टोक कापूनही पाहता येतं. मक्याच्या मुळावरची मूलटोपी भिंगाखाली सुईने अलगद उचलून निघते. टोपी काढलेलं मूळ वाढत राहतं, पण आडवं ठेवलं तर खाली वळत नाही, कारण गुरुत्वाची दिशा टोपीतल्या जड पिष्टकणांच्या पेशी ओळखतात. टोपी पुन्हा तयार झाली की वळण परत येतं. दुसऱ्या मुळाचे टोकाकडचे ३-४ मिमी पूर्ण कापा. विभाजी ऊतीच गेल्यामुळे त्या मुळाची पुढची वाढ थांबते आणि मागून उपमुळं लवकर फुटतात. ही उपमुळं मुळाच्या पृष्ठभागावरून येत नाहीत. आतल्या परिरंभ नावाच्या थरातून सुरू होऊन ती बाहेरच्या ऊती फोडत येतात. भिंगातून त्यांच्या बुडाशी फाटलेली कड दिसते.

काचपट्टीवर विभाजन

यासाठी कांदा घ्या. त्याच्या पेशीत १६ गुणसूत्रं असतात आणि ती चांगली मोठी असतात, म्हणून साध्या सूक्ष्मदर्शकातही दिसतात. कांद्याच्या बुडावरची सुकलेली मुळं ब्लेडने खरवडून काढा, पण खालची चकती कापू नका, नवी मुळं तिच्यातूनच येतात. बुड पाण्याला जेमतेम टेकेल असा कांदा बरणीच्या तोंडावर ठेवा, पाणी रोज बदला. दोन ते चार दिवसांत २-३ सेंमी मुळं येतात. साठवणुकीच्या कांद्याला मोड येऊ नये म्हणून प्रक्रिया केलेली असू शकते. तसा कांदा आठवडाभर ठेवला तरी मुळं धरत नाही. म्हणून एकाऐवजी तीन-चार कांदे लावा. लसणाच्या पाकळ्याही चालतात, त्यांचीही गुणसूत्रं १६ असतात.

मुळाचं टोक उजेडासमोर धरून पाहा. टोकाचा १-२ मिमी भाग अपारदर्शक, पिवळसर पांढरा दिसतो. मागचा भाग काचेसारखा. अपारदर्शक भाग म्हणजे विभाजी ऊती. पेशी लहान, पेशीद्रव्याने भरलेल्या, मोठी रिक्तिका (पाण्याची पिशवी) नसलेल्या. म्हणून उजेड आरपार जात नाही. पुढच्या सगळ्या खटाटोपात हाच १-२ मिमी आपल्याला हवा आहे.

सकाळी मुळं तोडण्याची प्रयोगशाळांमध्ये रीत आहे. ती पाळावी, पण वेगवेगळ्या वेळी तोडलेली मुळं वेगळ्या कुप्यांत ठेवून तुलना केली तर जास्त शिकायला मिळतं. कांदे थंडीत गारठले असतील तर वेळ कुठलीही असो, विभाजन कमीच दिसतं.

टोकाचे ५-१० मिमी तुकडे लगेच स्थिरीकरण द्रावणात टाका: इथिल अल्कोहोल ३ भाग आणि ग्लेशियल ॲसिटिक आम्ल १ भाग. हे द्रावण त्याच दिवशी बनवा. शिळ्या द्रावणात अल्कोहोल आणि आम्ल यांची एकमेकांशी अभिक्रिया होऊन एस्टर तयार होतं आणि स्थिरीकरण नीट होत नाही. तुकड्यांच्या किमान दहापट द्रावण असू द्या. ग्लेशियल आम्ल कातडीला भाजतं आणि त्याची वाफ डोळ्यांना लागते: हातमोजे, चष्मा आणि उघडी खिडकी या तिन्ही गोष्टी हव्यात. अल्कोहोल पेटतं, म्हणून जवळ दिवा नको. २४ तासांनी तुकडे ७० टक्के अल्कोहोलमध्ये घालून फ्रिजमध्ये ठेवले तर काही आठवडे वापरता येतात.

स्थिरीकरण टाळून थेट ताज्या मुळाची काचपट्टी केली तर काही दिसत नाही असं नाही, पण पेशी विभाजनाच्या ज्या क्षणी होती त्या क्षणी ती थांबवली गेलेली नसते आणि गुणसूत्रांच्या कडा धूसर राहतात.

पुढची पायरी आम्लाची. १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल लागतं: सुमारे ८.३ मिली तीव्र आम्ल पाण्यात मिसळून एकूण १०० मिली करायचं. आधी पाणी, मग त्यात आम्ल, उलट कधीही नाही. तुकडे पाण्यात धुऊन ६० अंशांच्या गरम पाण्यात ठेवलेल्या परीक्षानळीतल्या या आम्लात ५ ते ८ मिनिटं ठेवा. दोन पेशींना चिकटवणारा पेक्टिनचा थर आम्लाने सैल होतो, म्हणून नंतर दाबल्यावर पेशी एका थरात पसरतात. वेळ कमी पडली तर पेशींचे ढीग राहतात आणि एकावर एक चार केंद्रकं दिसतात. जास्त झाली तर टोक चिमट्याने उचलताना तुटतं आणि रंगही नीट चढत नाही. नव्या माणसाने ४, ६ आणि ८ मिनिटांचे तीन तुकडे करून पाहावेत. आपल्या गरम पाण्याच्या भांड्याचा स्वभाव एकदा कळला की पुढे अडत नाही. आम्लानंतर तुकडे पाण्यात दोन-तीनदा धुवा.

रंगासाठी १ टक्का ॲसिटोकार्मीन पुरतं. तयार मिळत नसेल तर ४५ मिली ग्लेशियल ॲसिटिक आम्ल आणि ५५ मिली ऊर्ध्वपातित पाणी गरम करून त्यात १ ग्रॅम कार्मीन घाला, हवा खेळती असलेल्या जागी मंद आचेवर काही वेळ उकळू द्या, गार झाल्यावर गाळून गडद बाटलीत भरा. रंगात तुकडे १५-२० मिनिटं ठेवा. गंजलेल्या लोखंडी सुईने तुकडा ढवळला तर लोहाच्या अंशाने रंग गडद होतो. ही युक्ती जुनी आणि उपयोगाची आहे, फक्त अति झालं तर पेशीद्रव्यही काळपट होतं. वेगळी आम्लाची पायरी नको असेल तर वॉच ग्लासमध्ये ॲसिटोऑर्सिन या दुसऱ्या रंगाचे ९ थेंब आणि १ नॉर्मल आम्लाचा १ थेंब घेऊन त्यात तुकडे हलके गरम करा. वाफ दिसू द्या, उकळी येऊ देऊ नका. मग दहा-पंधरा मिनिटं झाकून ठेवा.

रंगवल्यावर टोकाचा १-२ मिमी भाग सगळ्यात गडद झालेला दिसेल. तेवढाच काचपट्टीवर ठेवा आणि बाकीचा ब्लेडने कापून खरोखरच काचपट्टीवरून काढून टाका. ‘विभाजन दिसतच नाही’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा इथेच असतं. ५ मिमीचा तुकडा पूर्ण दाबला तर त्यात बहुसंख्य पेशी लांबलेल्या, विभाजन थांबवलेल्या असतात आणि तुकडा जाड असल्याने कव्हर स्लिपही नीट बसत नाही. उलट कुणी अति काटेकोरपणे अर्धा मिलिमीटर घेतलं तर हाती बरीचशी मूलटोपीच येते.

तुकड्यावर ४५ टक्के ॲसिटिक आम्लाचा एक थेंब टाका, सुईने तो दोन-चार ठिकाणी फोडा, कव्हर स्लिप एका कडेने टेकवून हळू खाली सोडा. पेन्सिलीच्या मागच्या टोकाने कव्हर स्लिपवर हलके ठोके द्या. गुलाबी ठिपका पसरून ढगासारखा झाला की टिपकागदाच्या घडीत काचपट्टी ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाबा. कव्हर स्लिप आडवी सरकली तर पेशी गुंडाळल्या जातात आणि गुणसूत्रांची गुंतवळ होते. मग ती काचपट्टी वाचवायच्या फंदात न पडता नवी करावी. चांगली निघालेली काचपट्टी कडेने नखांचं पॉलिश लावून बंद केली तर त्या दिवसापुरती टिकते.

आधी १० पट भिंगाने लहान, चौकोनी, मोठ्या केंद्रकाच्या पेशींचा भाग शोधा. लांब आयताकृती पेशी दिसत असतील तर तुम्ही मागच्या भागात आहात. मग ४० पट भिंग लावा. बहुतेक पेशींत केंद्रक गोल, सारख्या रंगाचं आणि आत एक-दोन केंद्रिका (केंद्रकातले गोल ठिपके) दिसतील: या दोन विभाजनांच्या मधल्या काळातल्या पेशी. पूर्वावस्थेत केंद्रकात दोऱ्यांची गुंडाळी स्पष्ट होते. मध्यावस्थेत गुणसूत्रं पेशीच्या मध्यरेषेवर येतात. पश्चावस्थेत त्यांचे दोन गट विरुद्ध ध्रुवांकडे ओढले जात असतात, त्यांची टोकं मागे राहून इंग्रजी व्ही अक्षरासारखा आकार होतो. अंत्यावस्थेत दोन लहान केंद्रकं आणि त्यांच्या मधोमध नव्या भित्तिकेची पुसट रेष. ही रेष बघायला प्रकाशछिद्र थोडं लहान करा. पूर्ण उघड्या प्रकाशात ती हरवते.

मोजणी करायची असेल तर एकाच देखण्या जागेवर थांबू नका. किमान तीन मुळांच्या काचपट्ट्या, प्रत्येकीवर वेगवेगळे भाग, आणि दिसेल ती प्रत्येक पेशी मोजा. ५०० पेशींपैकी ४० विभाजनात असतील तर विभाजनांक ८ टक्के. एखाद्या अवस्थेत जितक्या पेशी सापडतात तितका ती अवस्था जास्त वेळ टिकते, असा अंदाज यावरून करता येतो, कारण इथल्या पेशी एका ठेक्यात विभागत नाहीत. मध्यावस्था-पश्चावस्था शोधाव्या लागतात त्या याचमुळे: त्या लवकर संपतात.

१६ गुणसूत्रं प्रत्यक्ष मोजायची असतील तर कॉल्चिसीन वापरण्याची पद्धत आहे. ते तर्कूचे, म्हणजे गुणसूत्रांना ध्रुवांकडे ओढणारे, तंतू तयार होऊ देत नाही, म्हणून गुणसूत्रं मध्यावस्थेतच अडकतात. पण ते विषारी आहे आणि शाळेत किंवा घरी त्याचं काम नाही. गव्हासारख्या तृणधान्यांची मुळं त्यासाठी बर्फाच्या पाण्यात २४ तास ठेवतात. असा थांबवलेला माल विभाजनांकासाठी मोजू नये, तो मुद्दाम फुगवलेला असतो.

दाबलेल्या काचपट्टीत एक गोष्ट कधीच दिसणार नाही. विभाजी ऊतीच्या अगदी मध्याशी, मूलटोपीला लागून, फार क्वचित विभागणाऱ्या पेशींचा एक लहान गट असतो. मक्याच्या मुळांवर काम करताना एफ. ए. एल. क्लोज यांनी १९५० च्या दशकात तो दाखवून दिला. भोवतालच्या पेशी मेल्या तर हाच गट विभागून त्यांची जागा भरतो. दाबताना पेशींच्या जागा विस्कटतात, म्हणून तो ओळखता येत नाही. त्यासाठी मुळाचा उभा पातळ छेद लागतो.

शेंडा उघडून पाहणं

मुळाच्या टोकावर टोपी असते, शेंड्यावर नसते. शेंड्याची विभाजी ऊती कोवळ्या पानांच्या थरांत झाकलेली असते आणि तिचा घुमट बहुतेक झाडांत मिलिमीटरच्या काही दशांशांपेक्षा मोठा नसतो. रचना आधी मोठ्या प्रमाणात समजून घ्यायची तर कोबीचा गड्डा उभा मधोमध कापा. गड्डा म्हणजे एक अवाढव्य कळी. मधला पांढरा दांडा म्हणजे खोड, फक्त त्याची पेरं लांबलेली नाहीत. दांड्याच्या टोकाकडे पानं लहान लहान होत जातात आणि प्रत्येक पानाच्या बगलेत बारीक कळी दिसते. अगदी टोकाला ब्लेडने पातळ काप घेऊन भिंगाखाली पाहिलं तर पानांच्या चुरगळलेल्या कडांच्या आत चकचकीत टेंगूळ सापडतं.

बारीक काम करायचं असेल तर हायड्रिला या पाणवनस्पतीचा शेंडा उत्तम. २०-४० पट मोठं दाखवणाऱ्या विच्छेदन सूक्ष्मदर्शकाखाली तो पाण्याच्या थेंबात ठेवा आणि दोन बारीक सुयांनी बाहेरून आत एकेक पान काढत जा. आतली पानं ओढू नका. बुडाशी सुई टेकवून बाजूला वाकवली की ती आपोआप सुटतात. ओढली तर घुमटच उपटून येतो. थेंब सुकू देऊ नका. शेवटी उरतो तो ओला, अर्धपारदर्शक घुमट आणि त्याच्या बाजूंना खालून वर लहान होत गेलेले उंचवटे. हे उंचवटे म्हणजे पुढची पानं. म्हणजे शेंड्याच्या बाजूंचे अवयव पृष्ठभागाजवळ जन्मतात. मुळाची उपमुळं आतून येतात. मूळ आणि खोड यांच्यातला हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

लांबणंही इथे वेगळं असतं. राजम्याच्या रोपाच्या कोवळ्या खोडावर २ मिमी अंतराने शाईच्या खुणा करा. मुळात लांबण्याचा पट्टा काही मिलिमीटरचा होता, खोडात तो कित्येक सेंटिमीटर पसरलेला असतो आणि एकाच वेळी दोन-तीन कोवळी कांडी लांबत असतात. जून कांडी हलत नाहीत. गवताच्या पात्यावर हाच प्रयोग केला तर पात्याच्या वरच्या भागातल्या खुणा जागच्या जागी राहतात आणि सगळं पातं बुडातून वर ढकललं जातं, कारण तिथे, टोकाऐवजी बुडाशी, आंतरीय विभाजी ऊती असते. गवत कापल्यावर तीच पाती पुन्हा वाढतात ती यामुळे.

शेंडा खुडून पाहणं

शेंडा नुसता वाढतच नाही, तो खालच्या कळ्यांना थोपवूनही धरतो. तुळस, कोलियस किंवा राजमा यांची एकसारखी नऊ रोपं घ्या, प्रत्येकाला पानांच्या चार-पाच जोड्या असाव्यात. तिघांना हात लावू नका. तिघांचा शेंडा सर्वांत कोवळ्या एक-दोन पानांसकट नखाने किंवा धारदार ब्लेडने, खालच्या पेराच्या ५ मिमी वर खुडा. उरलेल्या तिघांचा शेंडा तसाच खुडून कापलेल्या जागी लॅनोलिनमध्ये (लोकरीच्या मेणात) मिसळलेलं ऑक्झिन, म्हणजे शेंड्यात तयार होणारं वाढीचं संप्रेरक, लावा; इंडोल ॲसिटिक आम्ल ०.१ ते १ टक्का पुरतं. दुसऱ्या गटाच्या कापावर नुसतं लॅनोलिन लावायला विसरू नका, नाहीतर फरक ऑक्झिनचा की लॅनोलिनने कापलेली जागा झाकल्याचा, हे सांगता येणार नाही. इंडोल ॲसिटिक आम्ल उजेडात खराब होतं, म्हणून लेप ताजा बनवा आणि दोन-तीन दिवसांनी पातळ काप घेऊन पुन्हा लावा.

नुसतं लॅनोलिन लावलेल्या रोपांत आठवडा ते दोन आठवड्यांत वरच्या पेरांच्या बगलेतल्या कळ्या फुटून फांद्या लांबायला लागतात. ऑक्झिन लावलेल्यांत त्या दबलेल्या राहतात किंवा फार उशिरा फुटतात. थिमान आणि स्कूग यांनी १९३० च्या दशकात बाकल्याच्या रोपांवर हे दाखवलं होतं. रोज कळीची लांबी मोजा, फक्त ‘फुटली-नाही फुटली’ लिहू नका. पहिल्या एक-दोन दिवसांतली हालचाल ऑक्झिन कमी होण्याच्या आधीच सुरू झालेली असू शकते. वाटाण्यावरच्या २०१४ मधल्या संशोधनात असं दिसलं की शेंडा गेल्यावर वाचलेली साखर कळ्यांकडे वळते आणि सुरुवातीचा धक्का तिचाच असतो. ऑक्झिनचा वाटा त्यानंतरच्या वाढीत जास्त.

खुडणी फसते ती बहुधा जागा चुकल्यामुळे. राजम्याच्या रोपात बीजपत्रांच्या खाली कापलं तर रोप मरतं, कारण त्या दांड्यावर कळ्याच नसतात. नारळ-सुपारीसारख्या एकाच खोडाच्या ताडवर्गीय झाडाला एकच शेंडा असतो. तो गेला की झाड गेलं. केळीत उलट प्रकार: दिसतं ते खोड नसून पानांचे रुंद तळ एकमेकांभोवती गुंडाळलेले असतात आणि खरा शेंडा बराच काळ जमिनीलगतच्या कंदात असतो. म्हणून कोवळी केळ मधोमध कापली तरी तासाभरातच कापाच्या मधून नवं पान वर सरकताना दिसतं. पण घड धरण्याच्या बेताला शेंडा त्या गुंडाळीच्या मधून वर चढलेला असतो. तेव्हा कापलं तर त्या खोडाची वाढ तिथेच संपते आणि उरतात ती बाजूची पिलं. सूर्यफुलासारख्या झाडात शेंडा फुलात बदलला की त्याचं पानं करणं संपतं, तेव्हा खुडणी त्याच्या बरीच आधी, पानं सुटत असतानाच करावी. शेंड्याशी कळ्यांचा गुच्छ दिसत असेल तर ते रोप या प्रयोगाला उशिराचं आहे, त्याऐवजी लहान रोप घ्या.